मेमरी लई हाय

माझा जुना कॉम्प्युटर गेला तेव्हा घरात कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. बायकोनं तर त्या रिकाम्या टेबलावर शिलाई मशीन बसेल का, हे वीत लावून पाहिलं. मी म्हटलं, जरा थांब, अजून गरम आहे तो. ती म्हणाली, गरम तर तो गेली कित्येक वर्षं आहे.

चौसाळ्यात महामार्गाला लागून आमचं दुकान आहे. पुढे फोटो, मागे मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या शूटिंगला गाणी, नावं आणि इफेक्ट लावून आधीच लांबलेला सोहळा आणखी लांबवणं. शहरात याला एडिटिंग म्हणतात आणि तिथे म्हणे नको ते कापतात. आमच्याकडे कापायची सोय नाही. नवरीच्या चुलत्याचा जेवतानाचा सीन कापला, तर तो चुलता भरल्या ताटावरून उठवल्यासारखं तोंड करून दुकानात येतो. म्हणून आम्ही काही कापत नाही, वरून टाकतो.

हे टाकायचं काम मी ज्या सॉफ्टवेअरवर शिकलो, त्याचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की ते मला कुठून मिळालं हेही सांगावं लागेल. त्याच्यासोबत इफेक्टचा एक भला मोठा पॅक होता. त्यात नवरदेव चंद्रावरून उतरायचा, नवरी कमळातून उगवायची आणि पुढाऱ्याची गाडी मांडवात आली की पडद्याच्या चारही कोपऱ्यांतून फटाके उडायचे. नवरा-नवरीपेक्षा पुढाऱ्याला जास्त इफेक्ट लागतात, हे मला कुणी शिकवलं नाही, ते मी एकदा कमी टाकून शिकलो. पॅक बनवणाऱ्याला आमच्यासारखी बौद्ध घरं जगात असतात याचा पत्ता नव्हता. प्रत्येक लग्नाच्या सुरुवातीला गणपती आणि कलश ठरलेला. मग मी स्वतः पिंपळाचं पान तयार केलं. ते गिरक्या घेत यायचं, स्थिर व्हायचं आणि त्याच्यावर नावं उमटायची. त्या एका पानात माझा अख्खा पावसाळा गेला, आणि पुढे जिल्ह्यातल्या निम्म्या मिक्सिंगवाल्यांनी ते मला न विचारता वापरलं. मी कुठल्या तोंडानं तक्रार करणार होतो?

तर कॉम्प्युटर गेला आणि मी नवीन घ्यायला बीडला गेलो. दुकानदार फार सज्जन माणूस. मला काय काम करायचंय ते त्यानं विचारलंच नाही, थेट एक चंदेरी लॅपटॉप पुढे ठेवला. मी विचारलं, मेमरी किती? तो म्हणाला, "मेमरी लई हाय, दादा. पाचशे बारा."

आणि मी, या धंद्यात केस पिकवलेला माणूस, मान डोलावून तो घेऊन आलो. चूक त्याची नाही. आमच्या भागात सगळ्यालाच मेमरी म्हणतात. मोबाईलमधलं कार्ड मेमरी, पेन ड्राइव्ह मेमरी, हार्ड डिस्कही मेमरी. ज्यात सामान भरून ठेवता येतं ती मेमरी. पण सामान भरून ठेवायची जागा वेगळी आणि काम करताना ते पसरायला लागणारी जागा वेगळी. कोठी भरपूर मोठी आणि ओटा पाटाएवढा, तसलं स्वयंपाकघर त्यानं मला दिलं होतं. ही कामाची मेमरी होती चार जीबी. ती वाढवून घ्यावी म्हणून मी पुन्हा बीडला गेलो, तर तो म्हणाला वाढत नाही, ती कंपनीनंच आत चिकटवून दिलीय. मी विचारलं, कावून चिकटवली? तर म्हणे, लॅपटॉप पातळ व्हावा म्हणून. मला तो डोक्यावर घेऊन वरातीत नाचायचं होतं असा त्याचा समज झाला असावा.

घरी येऊन जुनं सॉफ्टवेअर त्यात घातलं. नव्या कॉम्प्युटरनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं सुनेनं सासऱ्याच्या जुन्या ट्रंकेकडे पाहावं. याला आत घेऊ का, नक्की घेऊ का, हा कोण, याला कुणी ओळखतं का, असे प्रश्न विचारून झाले. मग मी त्याला तो जुन्या काळातला कॉम्प्युटर असल्याचं सोंग घ्यायला लावलं, तशी सोय असते. तेव्हा कुठे सॉफ्टवेअर उघडलं. उघडलं, आणि लगेच म्हणालं: मेमरी कमी आहे, कृपया इतर प्रोग्राम बंद करा.

मी इतर कुठलाच प्रोग्राम उघडला नव्हता. पण नवा कॉम्प्युटर शिकलेला. त्यानं स्वतःहून बरंच काही उघडून ठेवलं होतं. एका कोपऱ्यात बातम्या, एका कोपऱ्यात हवामान. भर एप्रिलमध्ये चौसाळ्यात ऊन आहे, ही बातमी मला देण्यासाठी तो माझी मेमरी खात होता. मी हवामान बंद केलं. त्यानं ते पुन्हा सुरू केलं, बहुतेक मला काळजी वाटू नये म्हणून. शेवटी एकेक करून सगळ्यांना बाहेर काढलं. कामाची मेमरी कमी पडली तर कोठीतली थोडी जागा वापर, असंही त्याला सांगता येतं. तेही सांगितलं. तो वापरायला लागला, पण एवढ्या सावकाश, की मी एक बटण दाबून चहा पिऊन येई आणि तोवर तो त्याच बटणाचा विचार करत असे.

साधं काम व्हायचं. नावं यायची, गाणं लागायचं. पण इफेक्ट टाकला की पडदा जागच्या जागी थिजायचा. नवरदेव चंद्र आणि पृथ्वी यांच्यामध्ये लटकलेला, आणि मी खाली माऊस हलवत बसलेला. बायको येता-जाता म्हणायची, नवीन घेतलाय ना?

अशा दिवसांत ती बाई आली. सिरसाळ्याच्या दवाखान्यात नर्स आहे, एवढं तिनं सांगितलं. माहेर युसूफ वडगाव. तिच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं, कारण तिचा मामा चौसाळ्याचा. मला आठवेना. मला कुठलंच लग्न आठवत नाही, आणि ते बरं आहे, नाहीतर माझं डोकं फिरलं असतं. तिनं पर्समधून डीव्हीडी काढली. ती इतक्या वेळा लावलेली होती की तिच्यावरची नावं पुसून गेली होती.

तिचे वडील मागच्या वर्षी गेले. वायरमन होते. अख्ख्या लग्नात ते कुठेच नीट दिसत नाहीत, कारण ते सतत वाढपी, पाणी आणि मांडवातल्या लाइटी यांच्यामागे पळत होते. जिथे दिसतात तिथे पाठच दिसते. फक्त पाठवणीच्या वेळी कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर आलेला होता आणि नेमकं तिथेच तोंडावर गुलाब होते.

मी डीव्हीडी लावून पाहिली. खरंच होते. एक-दोन पाकळ्या नव्हेत, एकावर एक उमलणारे लालभडक गुलाब, आणि त्यांच्या मागे माणसाचे फक्त कान आणि डोक्यावरची टोपी. वरून पाठवणीचं रडकं गाणं. मी गुलाब टाकताना हात आखडता घेत नाही हे मान्य, पण इथे मी जरा जास्तच उदार झालो होतो.

आता गुलाबाचा अर्थ सांगायला हवा, कारण तो आमच्या धंद्याबाहेर कुणाला कळायचा नाही. आणि आमच्याकडच्या प्रत्येक बाईला कळतो. पाठवणी हा शूटिंगमधला सगळ्यांत महत्त्वाचा भाग. नवरीचा बाप रडला तर कॅमेरा जवळ न्यायचा आणि सीन संथ करायचा. बाप रडलाच नाही, तर त्या कोरड्या तोंडाचं करायचं काय? तर त्यावर गुलाब टाकायचे. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण त्या काळात सगळे मिक्सिंगवाले तो पाळत, आणि पाहणारेही तो ओळखून होते. डीव्हीडी लागली, पाठवणी आली आणि बापावर गुलाब उमलले, की बायका एकमेकींकडे बघायच्या.

हिच्या सासरीही बघितलं. सासूनं पहिल्याच दिवाळीत डीव्हीडी लावून भावकीच्या बायकांना बोलावलं होतं. गुलाब आले आणि कुणीतरी म्हणालं की बाप बरा मोकळा झाला. ते तिच्या मनात राहिलं. तिलाही तो दिवस तसाच आठवत होता. वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नीट राहा म्हणाले, आणि मांडवाच्या लाइटी बघायला म्हणून निघून गेले. जीप हलली तेव्हा ते तिथे नव्हतेच. पुढे एकदा माहेरी कशावरून तरी वाद झाला, तेव्हा तिनं ते त्यांना ऐकवलं. तुमाला काय, तुमी तर माझ्या पाठवणीला टिपूस काढलं न्हाई. ते उठले. सायकल काढून ड्यूटीवर गेले.

"रडले न्हाईत हे मला माहिताय, दादा," ती मला म्हणाली. "पण मी निघाले तवा त्यांचं तोंड कसं होतं, तेवढं बघायचंय."

परळीत तिनं दोन दुकानांत विचारलं होतं. दोघांनीही हसून परत पाठवलं. ते बरोबरच होतं. तयार डीव्हीडीतून इफेक्ट काढून द्या म्हणजे कालवणातून मीठ काढून द्या. मूळ कॅसेट असती तर काम झालं असतं, पण कॅसेट आम्ही पुढच्या लग्नाला पुन्हा वापरायचो. तिच्या पाठवणीवर कुणाचं तरी जावळ चढलेलं असणार. एकच वाट होती. मेलेल्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क मी काढून ठेवली होती, आणि मिक्सिंग करताना कॅसेटमधून उतरवून घेतलेलं शूटिंग त्या डिस्कवर पडून असतं. फक्त ते त्या जुन्या सॉफ्टवेअरनं बांधलेलं. उघडायचं तर त्यातच. म्हणजे या चंदेरी पाटावर.

डिस्क जोडली. आमच्याकडे प्रत्येक लग्न पार्टीच्या ओळखीनं साठवलेलं असतं, नवरीचं नाव कोण लक्षात ठेवतो? शोधता शोधता सापडलं, 'वडगाव वायरमन फायनल फायनल नवीन'. ती वाचून हसली. मलाही बरं वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्याच्या भरात मी उघडायचं बटण दाबलं. पंखा घरघरला, पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली आणि लॅपटॉप थिजला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं मला चौसाळ्यातलं तापमान सांगितलं. मी तिला म्हटलं, ताई, पुढच्या रविवारी या. तिनं मान हलवली. परळीच्या दुकानदारांचं ऐकताना तिनं अशीच मान हलवली असणार, हे मला दिसलं आणि मला माझाच राग आला.

तो आठवडा मी त्या लॅपटॉपशी भांडण्यात घालवला. बातम्या काढल्या, व्हायरस पकडणारा राखणदार काढला, पडद्यावरचं निसर्गचित्रसुद्धा काढलं. कोठीतली जागा वाढवत वाढवत कोठीच कामाला लावली. दर वेळी तो थोडा पुढे जायचा आणि पाठवणीपाशी आला की बसायचा. कारण उघड होतं. तिथे गुलाबांचे इतके थर होते की माझा जुना, दांडगा कॉम्प्युटरसुद्धा ते तयार करताना एकेकाळी घुमायला लागला असेल. मी एकेक थेंब मेमरी वाचवत होतो, का, तर ते सगळे गुलाब नीट उमलावेत म्हणून.

हे असं मनात म्हटलं आणि मी खुर्चीत मागे टेकलो. मला गुलाब उमलवायचे नव्हते. मला ते काढायचे होते. काढायचं ते आधी पूर्ण मांडून मगच काढायचं, ही माझी धंद्यातली सवय. इफेक्टचा पॅक जिथे ठेवला होता, तो सगळा खण मी उचलून सॉफ्टवेअरला सापडणार नाही अशा जागी नेऊन ठेवला. चंद्र, कमळ, फटाके, गुलाब, आणि माझं पिंपळाचं पानसुद्धा. मग पुन्हा उघडलं. सॉफ्टवेअर ओरडलं की इफेक्ट सापडत नाही. मी म्हटलं ठीक आहे. पुन्हा ओरडलं, पुन्हा ठीक आहे. मी आयुष्यभर त्या लग्नांवर काय काय टाकून ठेवलंय, याची जणू हजेरीच चालली होती. आणि मग अख्खं लग्न उघडलं. हलकं, सुटसुटीत, मेमरीची तक्रार न करता. माझी कला काढून घेतली की सगळं नीट चालतं, हे लॅपटॉपनं मला अगदी सभ्यपणे सांगितलं.

पाठवणीपर्यंत मी मुद्दाम गेलो नाही. ते आधी तिनं बघावं असं वाटलं.

रविवारी ती दुपारच्या गाडीनं आली. बायकोनं तिला पाणी दिलं आणि, माझ्या आश्चर्याला पारावार नाही, स्वतःही स्टूल ओढून बसली. मी गाण्याचा आवाज बंद केला. गाण्याखाली कॅमेऱ्यानं पकडलेला मूळ आवाज असतो, तो आम्ही कधीच ठेवत नाही, कारण त्यात बॅंडवाला आणि वाढपी यांच्या शिव्या असतात. तो सुरू केला आणि सीन लावला.

जीप उभी. बायकांचा गलका. नवरी पदरात तोंड घालून रडतेय. तिच्या डोक्यावर एक हात येतो. मग टोपी घातलेला माणूस गर्दीतून मागे सरतो आणि कॅमेरा त्याच्या मागे जातो. हे मी केलं होतं, पण ते कावून केलं हे मला आता सांगता येणार नाही. तो मांडवाच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे जातो. तिथे लाइटीचा खांब आहे. खांबाला हात लावून, पाठ करून तो उभा राहतो, जशी सगळ्या लग्नात त्याची पाठच दिसत होती. मग जीप सुरू झाल्याचा आवाज येतो आणि तो वळतो.

तो रडत होता. बाप माणसं डोळ्याला रुमाल लावून रडतात, तसं नव्हे. तोंड उघडं टाकून, आवाज न करता, हुंदका आत घेता येत नसलेल्या लहान पोरासारखा. टोपी कपाळावर सरकलेली. मी तेव्हा जवळ गेलो असणार, कारण तोंड मोठं होत गेलं. मग त्याला कॅमेरा दिसला. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, हात पुढे केला आणि कॅमेऱ्याला, म्हणजे मला, म्हणाला,

"ह्ये दावू नका, दादा. पोरगी बघल. मग तिकडं मन लागायचं न्हाई तिचं."

कॅमेरा खाली गेला. माती, वायरीचं भेंडोळं, त्याच्या चपला. सीन संपला.

म्हणजे त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं होतं. कापायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी त्याला गुलाबांनी झाकलं होतं, आणि कुणाला काही दिसू नये म्हणून एवढे दाट टाकले होते. आमचा तो गुलाबाचा नियम माझ्या तेव्हा ध्यानात आला नाही, आणि त्या माणसाला तर तो माहीतच नसणार. तिनं तोंडावर बोलून दाखवलं तेव्हाही त्यानं सांगितलं नाही. मला वाईट वाटलं, फार वाईट. बायकोनं पदर तोंडाला लावला होता.

त्याच्या पोरीनं बोटानं खूण केली, पुन्हा. मी सीन मागे ओढला. खांब, पाठ, जीपचा आवाज. तो वळला, आणि नेमका तिथेच लॅपटॉप थिजला. मेमरी कमी आहे.

पडद्यावर तिच्या वडिलांचं तोंड तेवढं राहिलं, ओलं, उघडं, टोपी सरकलेली. माझा हात सवयीनं बंद करायच्या बटणाकडे गेला.

"बंद नका करू, दादा," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. एखादं यंत्र अडून बसलं म्हणून मला बरं वाटण्याची ती पहिलीच वेळ. बायकोनं मला डोळ्यांनी बाहेर जायला सांगितलं आणि स्वतःही उठली. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर येऊन बसलो. रस्त्यावरून ट्रक जात होते. एक गेला आणि दुसरा यायच्या आधी जरा शांतता झाली, तेव्हा आतून तिचा आवाज आला. ती त्या पडद्याशी बोलत होती.

"लागलं हो माझं मन, पप्पा. लई चांगलं लागलं."